न आलेली हाक

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या आत्याच्या डोळ्यांसमोर घडलंय. आत्याला तिखटमीठ लावून काही सांगता येत नाही. स्वतःच्या मोडलेल्या लग्नाची गोष्टसुद्धा ती हवामानाच्या बातम्या वाचाव्यात तशी सांगते.

आणखी एक. यात रात्र नाही. अंधार नाही. सोमवारची सकाळ होती. मोठ्या खिडक्यांमधून ऊन आत आलं होतं आणि हॉल पाहुण्यांनी भरला होता.

त्या सगळ्यांच्या देखत हे झालं.

आत्या एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ होती. पेशी वाढवायचं तिचं काम. काचेच्या छोट्या प्लेटमध्ये जिवंत पेशी असतात, त्यांना वेळच्या वेळी खाऊ घालावं लागतं, ऊब द्यावी लागते. रविवार असो, सण असो, आत्या जायचीच. घरी सगळे म्हणायचे, हिची लेकरं काचेत राहतात.

तिथं एक अजब प्रयोग चालला होता. मेंदूत असतात तसल्या पेशी प्लेटमध्ये वाढवायच्या आणि त्यांना वायरींनी एका पुलाला जोडायचं. हॉलमध्ये काँक्रीटचा पूल बांधला होता, खाली माणूस सहज उभा राहील एवढा. पुलाच्या पोटात ताण आला की तो वायरींतून पेशींपर्यंत पोहोचायचा. पेशींच्या हालचालीचा आवाज एका स्पीकरवर ऐकू यायचा. पत्र्यावर तांदूळ सांडावेत, तसा तडतड आवाज.

आणि तडा जायच्या आधी सगळ्या पेशी एकदम कडाडायच्या.

त्याला सगळे 'हाक' म्हणायचे. पुलानं हाक मारली, की खालच्यानं पळायचं.

हे सगळं डोकं होतं एका मुलीचं. तिथं पीएचडी करायची. अंगानं एवढीशी आणि तोंड सतत चालू, म्हणून आत्यानं तिचं नाव चिमणी ठेवलं होतं. पहिल्या प्रयोगासाठी कातडीचा नमुना हवा होता, तर पोरीनं स्वतःच्या दंडाचाच तुकडा दिला. त्या कातडीतूनच मेंदूसारख्या पेशी तयार केल्या. कागदावर त्यांना फक्त नंबर होता. पण आत्याला ठाऊक होतं आणि विभागप्रमुखांना ठाऊक होतं...

प्लेटमध्ये होती ती चिमणीच.

पेशींचा साठा मागच्या खोलीत असायचा, द्रवरूप नायट्रोजनच्या टाक्यांमध्ये. त्यातून सुटणारा वायू फार वाईट. वास नाही, धूर नाही. खोलीतला प्राणवायू हळूच कमी होतो आणि माणूस उभ्या उभ्या कोसळतो. म्हणून तिथं भिंतीवर एक अलार्म होता.

तो सारखा वाजायचा. विभागप्रमुखांची केबिन शेजारीच होती. त्यांच्या मीटिंगमध्ये व्यत्यय यायचा. एक दिवस त्यांनी वायरमनला बोलावून तो काढून टाकायला लावला. नवीन येईपर्यंत सांभाळून घ्या, एवढंच त्याला म्हणाले.

नवीन आलाच नाही.

एका दुपारी चिमणी आत गेली. बराच वेळ झाला तरी तिची बडबड ऐकू येईना, म्हणून आत्या बघायला गेली.

पोर टाकीला टेकून बसली होती. झोपल्यासारखी.

चौकशी समिती येण्याआधी अलार्म भिंतीवर परत लागला होता. अहवालात आलं, की मयत मुलीनं टाकीचं झाकण उघडं ठेवलं, तिचाच हलगर्जीपणा. तिचे वडील सामान न्यायला आले, तेव्हा त्यांनी आत्याला एवढंच विचारलं, तिला त्रास झाला का हो? आत्या नाही म्हणाली. अलार्म कुणी काढायला लावला, ते तिला तेव्हा कळलेलं नव्हतं. वायरमननं दारूच्या नादात ते नंतर सांगितलं.

प्रयोग मात्र चालू राहिला. आता तो विभागप्रमुखांच्या नावावर होता.

मग सुरू झालं...

एका सकाळी आत्या प्लेटला खाऊ घालत होती. स्पीकरवर नेहमीची तडतड चालू होती. विभागप्रमुख दारातून आत आले.

तडतड थांबली.

एकदम. जसं कुणी बोलता बोलता ओठ मिटून घ्यावेत.

वायर सैल झाली असेल, ते म्हणाले आणि निघून गेले. त्यांचं पाऊल बाहेर पडलं... आणि तडतड पुन्हा सुरू.

आत्यानं वायर तपासली. वायर घट्ट होती.

मग हे रोजचंच झालं. एकदा आत्या पाठमोरी काम करत होती. कुणी आल्याची चाहूल नाही, पावलांचा आवाज नाही. पण स्पीकर गप्प झाला. तिनं हळूच वळून पाहिलं...

काचेच्या दाराबाहेर ते उभे होते. आत आलेसुद्धा नव्हते.

बाकी कुणाशी प्लेटचं वैर नव्हतं. एका दुपारी फिटरकाका पुलाखाली नट आवळत होते, तेव्हा काही कारण नसताना हाक आली. काका स्पॅनर टाकून बाहेर पळाले आणि मागे काँक्रीटचा कोपरा निखळून पडला. काका नंतर प्लेटला हात जोडून आले. वर आत्याला म्हणाले, माझ्या बायकोनंसुद्धा एवढ्या वेळेवर कधी हाक मारली नाही.

आत्या हसली. पण मनातून हलली होती, कारण तिनं मायक्रोस्कोपमधून काहीतरी पाहिलं होतं.

पेशींना बारीक तंतू फुटतात. ते चारी बाजूंना जातात, झाडाच्या मुळांसारखे. या प्लेटमधले सगळेच्या सगळे तंतू एकाच दिशेला वाढले होते.

आत्यानं प्लेट फिरवून ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर तंतू वळले होते.

पुन्हा त्याच दिशेला.

त्या बाजूला फक्त एक भिंत होती. आणि भिंतीपलीकडे... विभागप्रमुखांची केबिन.

मग सोमवारची चाचणी ठरली. मोठमोठे पाहुणे येणार, पुलावर तो मोडेपर्यंत भार टाकणार आणि विभागप्रमुख स्वतः पुलाखाली उभे राहणार. हाक आली की ते दोन पावलं मागे सरणार, मग पूल पडणार. फोटो काय झकास येईल!

आत्याला राहवेना. ती केबिनमध्ये गेली.

"सर, तुम्ही खाली उभे राहू नका."

"का?"

"ती प्लेट तुमच्यासमोर गप्प होते. सगळ्यांसमोर बोलते, तुमच्यासमोर नाही."

ते हसले. "बाई, पेशींना डोळे नसतात. तुम्हाला रजा हवी आहे का?"

आत्या जागची हलली नाही. "एक करा मग. अलार्म कुणी काढायला लावला, ते त्या पोरीच्या वडिलांना एकदा सांगा."

त्यांचा चेहरा उतरला. क्षणभरच. मग ते कागद चाळायला लागले.

"अहवाल आलेला आहे. तो विषय संपला."

सोमवारी हॉल भरला. आत्या प्लेटजवळ बसली होती. तडतड चालू होती. तिला खात्री होती, सर आत येताच आवाज बंद पडणार, सगळ्यांदेखत फजिती होणार आणि चाचणी रद्द होणार. झालं तर बरंच, असं तिला वाटत होतं.

विभागप्रमुख आत आले.

आवाज थांबला नाही...

तडतड चालूच राहिली. मऊ, एका लयीत. गाढ झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. विभागप्रमुखांनी आत्याकडे पाहून भुवया उंचावल्या. बघा, म्हणाले जणू.

आत्या उठून उभी राहिली.

ते पुलाखाली जाऊन उभे राहिले. भार चढायला लागला. फिटरकाका यंत्रावर होते. आधीच्या चाचण्यांमध्ये जिथं हाक यायची, तिथवर भार आला.

हाक नाही.

काकांनी यंत्र थांबवून आत्याकडे पाहिलं. विभागप्रमुख खालून म्हणाले, यावेळचं काँक्रीट चांगलं आहे, चालू द्या.

भार वाढला. पुलाच्या पोटातून बारीक भुकटी गळली. उन्हात ती चमकताना आत्यानं पाहिली. त्यांना दिसली नाही, ते कॅमेऱ्याकडे बघत होते. त्यांचे कान स्पीकरकडे होते, आणि स्पीकर सांगत होता... सगळं ठीक आहे.

सगळं ठीक आहे.

सगळं ठीक आहे.

पूल पडला.

धुळीनं हॉल भरून गेला. कुणी ओरडलं नाही. कुणाला काय झालं ते समजलंच नव्हतं. त्या शांततेत...

हाक आली.

सगळ्या पेशी एकदम कडाडल्या. एवढी मोठी हाक आधी कधीच आली नव्हती. ती थांबेचना. पूल तर खाली पडला होता. वायरी मुळातून तुटल्या होत्या. पेशींना काही सांगणारं कुणी उरलंच नव्हतं.

फिटरकाकांनी स्पीकरची पिन उपटली, तेव्हा कुठं ती बंद झाली.

विभागप्रमुखांना बाहेर काढायला संध्याकाळ झाली. ते गेले होते.

पुन्हा चौकशी बसली. या खेपेला वायरमन शुद्धीत बोलला. चिमणीच्या नावावरचा ठपका निघाला. पुलाबद्दल मात्र कुणालाच काही सांगता आलं नाही. ताण प्लेटपर्यंत पोहोचल्याची नोंद होती. तरी पेशींनी हाक मारली नव्हती. आत्यानं प्लेट मायक्रोस्कोपखाली घेतली. पेशी ठणठणीत होत्या आणि तंतू चारी बाजूंना पसरले होते.

आत्यानं नोकरी सोडली. त्या पेशी आता आणखी कुठल्या कुठल्या संस्थांमध्ये गेल्यात म्हणे. खऱ्या पुलांमध्ये बसवणार आहेत.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो होतो. ती भाजी निवडत बसली होती. मी सहज म्हणालो, आत्या, तुला ती भुकटी दिसली होती ना? मग तू ओरडली का नाहीस?

तिचे हात थांबले.

"तोंड उघडलं होतं रे मी. आवाजच आला नाही."

मी म्हणालो, घाबरली असशील.

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली,

"आधी मला वाटायचं, चिमणीनंच माझा गळा धरला. आता वाटतं, तिनं कशाला धरायचा? कदाचित मलाच ओरडायचं नव्हतं."

एवढं बोलून ती पुन्हा भाजी निवडायला लागली. मला मात्र तिच्यासमोर बसवेना.