पुढच्या वळणावर घर

सायकल भाड्याने नेताना पर्यटक हसत हसत आमच्या दुकानात येतात, पण परत करताना त्यांना दुकान आठवेलच असं नाही. उतार संपला, चढ लागला, की सायकल झाडाला टेकवायची आणि बस पकडून पुलापलीकडे पसार! मग संध्याकाळी मी निघते, बेटभर सायकली गोळा करत. एकीवर बसायचं आणि दुसरीला हँडल धरून शेजारून न्यायचं, शाळा बुडवलेल्या पोराला कान धरून आणावं तसं.

त्या संध्याकाळीही मी अशीच अख्खा रस्ता अडवून, गुणगुणत चालले होते. पाऊस नुकताच भुरभुरून गेला होता. मागून सर्रर्र आवाज आला आणि कुणीतरी ओरडलं, “बाजूला!”

आता कुठल्या बाजूला, ते नको का सांगायला? मी डावीकडे गेले, तोही डावीकडे आला... माझ्या दोन्ही सायकली कुंपणात, मी गवतात, आणि तो रस्त्यावर बसून आपल्या वाकड्या झालेल्या चाकाकडे बघत राहिला.

“लागलं का?” त्याने विचारलं.

“मला नाही. तुम्हाला?”

“चाकाला लागलंय हो...” हे तो इतक्या कळवळून म्हणाला की मला हसूच फुटलं.

“घंटी नाही तुमच्या सायकलला?”

“शर्यतीच्या सायकलला नसते. वजन वाढतं.”

“अक्कलही त्यासाठीच घरी ठेवली वाटतं!”

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा आधी मिटतो, हे मी तेव्हाच पाहून घेतलं. उगाच खोटं कशाला बोलू?

दोन शर्यतींच्या मध्ये थोडी विश्रांती म्हणून तो आमच्या बेटावर आला होता. नवं चाक यायला वेळ लागणार होता. तोवर त्याच्या नशिबी आमची हिरवी, टोपलीवाली सायकल आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घेऊन तो गेला आणि माझं दुकान झाडून होतंय न होतंय तोच परत हजर.

“एवढ्यात?”

“संपलं की बेट.”

“संपलं? बेट म्हणजे काय बिस्किटांचा पुडा आहे? काय काय पाहिलंत, सांगा बरं.”

त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “दोन चढ... एक वाईट वळण. येताना वारा समोरून.”

माझ्या बेटाचं हे वर्णन! मी झाडू कोपऱ्यात टाकला. “उद्या माझ्याबरोबर यायचं. अट एकच, माझ्या पुढे जायचं नाही.”

“किती वेगाने चालवता तुम्ही?”

“परवा एका बदकाने मला मागे टाकलं.”

सावकाश सायकल चालवणं त्याला येतच नव्हतं. पहिल्या दिवशी तो दोनदा तोल जाऊन पडला, मी पोट धरून हसले. मग हळूहळू जमायला लागलं. लिंबांची गल्ली, धक्क्यावर जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्या, आपल्या फाटकापर्यंतच भुंकत सोबत येणारा आणि मोठी कामगिरी केल्यासारखा परत फिरणारा कुत्रा, हे सगळं त्याला दिसायला लागलं. आणि घंटीचं तर वेडच लागलं त्याला. कुत्र्याला वाजव, पक्ष्यांना वाजव... मला वाजव.

“बाजूला!” एकदा तो मागून हळूच म्हणाला. टिंग टिंग.

“कुठल्या?”

“तुझ्या.”

‘तुम्ही’चं ‘तू’ कसं झालं, हे मी विचारलं नाही. मुकाट्याने थोडी सरकले. तो शेजारी आला आणि मग दोन्ही सायकली जोडीने धक्क्यापर्यंत गेल्या.

आमचं दुकान आत्याचं. पंक्चर काढायचं पाण्याचं घमेलं ती टीव्हीसमोर घेऊन बसते, कारण सायकलींची शर्यत चुकली तर तिला जेवण जात नाही. एके दिवशी तो आत आला, खाली वाकला, आणि आत्या ताडकन उठली.

“तोंड नाही आठवत मेलं, पण ही पाठ मी ओळखते! पाणक्या ना रे तू?”

सगळ्यांच्या पुढे राहून आपल्या संघाच्या कप्तानासाठी वारा अंगावर घ्यायचा आणि मागच्या गाडीतून त्याला पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या, हेच त्याचं काम. जिंकायचं कप्तानाने. आजवर कुणीच ओळखलं नव्हतं बिचाऱ्याला. तो कानापर्यंत लाल झाला आणि आत्याने हाक मारली की नव्या नावाला खुशाल ओ द्यायला लागला.

तिथेच एका दुपारी टीव्हीवर ते दिसलं. शर्यतीतल्या सायकलस्वारांच्या घोळक्यातून एक जण एकटाच पुढे निघाला, कुणी त्याचा पाठलाग केला नाही. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या आईला त्याने मिठी मारली, आणि घोळका आल्यावर पुन्हा त्यात मिसळून गेला. मी नाक ओढलं.

“वाटेत कुणाचं गाव लागलं की त्याला पुढे जाऊ देतात,” पाणक्या म्हणाला. “घरच्यांना भेटायला. कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात.”

“तुझं गाव कधी लागलं?”

“बाबांच्या सारख्या बदल्या. सामान सोडतोय तोवर पुन्हा बांधायची वेळ...” तो घमेल्यातल्या बुडबुड्यांकडे बघत होता. “माझ्यासाठी रस्त्यात उभं राहील, असं गावच नाही मला.”

त्याचा हात धरावा असं फार वाटलं. पण माझ्या हातात पाना होता, आणि मनात भीती. पूल ओलांडून आलेला माणूस पूल ओलांडून जातोच. टाकून दिलेल्या सायकली मी गोळा करून आणते, माणसं कुठून आणू?

चाक आलं. निघताना तो हिरव्या सायकलपाशी घुटमळला. “ही घंटी देतेस?”

“वजन वाढेल!”

“वाढू दे.”

मी ती काढून त्याच्या तळहातावर ठेवली. पुढच्या महिन्यातली मोठी शर्यत आमच्याच बेटावरून जाणार होती. “दिसशील ना?” मी विचारलं.

“शर्यतीत थांबता येत नाही गं. तुझी पापणी लवेल तोवर गेलेला असेन मी.” मग तो अडखळला. “मला... म्हणजे मी...”

“सावकाश जा,” मी घाईघाईने म्हणाले. रडू आलं असतं ना!

शर्यतीच्या दिवशी सगळं बेट रस्त्यावर उतरलं. पापणी लववायची नाही, असं मी ठरवूनच उभी होते. गाड्या गेल्या, मोटारसायकली गेल्या. मग वळणापलीकडून आवाज आला... टिंग टिंग!

“अगंबाई, पाणक्या!” आत्या खुर्चीवर चढली. “एकटाच पुढे?”

तो एकटाच होता. आणि त्याच्यामागे, बराच लांब, घोळका गप्पा मारत निवांत येत होता. तो थेट दुकानासमोर थांबला, धापा टाकत.

“काय सांगितलंस त्यांना?”

“पुढच्या वळणावर माझं घर आहे म्हणालो. कप्तान म्हणाला, तुझं? इथे? म्हटलं, हो... फक्त तिला अजून विचारलं नाहीये. तर म्हणाला, मग पळ, विचार लवकर!” त्याने माझ्याकडे पाहिलं. “खोटं बोललो का मी?”

एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. त्या क्षणी मात्र तिला एकही टोमणा नको होता. घोळका वळणावर आला होता.

“नाही,” मी म्हणाले. “खरंच बोललास. मला तू हवा आहेस. फार हवा आहेस.”

“अरे मिठी मार की मेल्या, आले सगळे!” आत्या ओरडली.

त्याने मारली. घामाने निथळणारी, घट्ट. घोळका शेजारून गेला, आणि त्या सगळ्या धिप्पाड गड्यांनी जाता जाता तोंडानेच ‘टिंग टिंग’ केलं! तो सायकलवर बसला, मी त्याच्या पाठीला दोन्ही हात लावून जोरात ढकललं.

“शर्यत संपली की ये! सावकाश ये!”

“सावकाश नाही जमणार आता!” तो ओरडला, घंटी वाजवत.

रात्री आत्याने टीव्हीवर ते पुन्हा लावलं. “आणि हा आपल्या घरच्यांना भेटतोय,” निवेदक सांगत होता.

“ऐकलंस? घरचे म्हणे आपण,” आत्या डोळे पुसत म्हणाली. मग चष्मा लावून पडद्याजवळ गेली. “पण काय गं, पापणी लववणार नव्हतीस ना? मग तो मिठीत असताना सगळा वेळ डोळे मिटून काय उभी होतीस?”