नववी भाषा

नोकरी संपून सात वर्षं झाली तरी सगळे त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत. टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेली बाई. नुसत्या 'हॅलो'वरून समोरचा माणूस उभा आहे की आडवा पडलाय, हे त्या सांगत. घरात मात्र त्या अक्का. त्यांची धाकटी बहीण चोपन्न वर्षांची, चाळिशीचा चष्मा लागून जुना झालेली, पण तिचं नाव अजून बेबीच. आणि ह्या दोघी सहा वर्षं एकमेकींशी एक अक्षर बोललेल्या नव्हत्या.

कारण आई. आईचं शेवटचं दीड वर्ष अक्कांनी एकटीने काढलं. बेबी लग्न होऊन दूरच्या एका बंदराच्या शहरात स्थायिक झालेली. ती आली ती सगळं आटोपल्यावर, आणि दारातच जुंपली.

"मला कळवलं का नाहीस?"

"वेळ कुठे होता? अचानक गेली. आणि कळवून तू काय उजेड पाडणार होतीस?"

तिथून जे तोंड बंद झालं ते झालंच.

शेवटी बेबीच्या मुलीने पुढाकार घेतला. रजा काढून ती मावशीला आपल्या शहरात, आपल्या घरी घेऊन आली. तीन दिवस घरात दोन मुक्या बायका वावरत होत्या. मीठ हवं असलं तरी भाचीमार्फत मागायच्या. चौथ्या दिवशी भाचीने टेबलावर दोन तिकिटं आपटली. शहरदर्शनाची बस. चार तास.

"एका बाकावर बसा दोघी. नाही बोललात तरी चालेल. पण मला चार तास ह्या घरात माणसांसारखा श्वास घेऊ द्या."

दुपारी दोनला बस सुटली. वरचा मजला उघडा, ऊन असं की बाकाचा पत्रा कपड्यातून चटका देत होता. वर ह्या दोघी, आणि अगदी पुढे एक झोपाळलेलं म्हातारं जोडपं. कंडक्टरने प्लॅस्टिकच्या पिशवीतले नवेकोरे इयरफोन हातात ठेवले आणि समोरच्या बाकामागची छोटी पेटी दाखवली. तिच्यात वायर खुपसायची, बटण दाबून आपल्या भाषेचा आकडा आणायचा. भाषा आठ. त्या शहरात निदान चाळीस तरी बोलल्या जात असतील, पण पेटीत आठच. आठांत अक्कांची भाषा नव्हती.

बेबीने सराईतपणे तिसरा आकडा लावला. ती तिथली भाषा. तीस वर्षांत तिला ती मायबोलीइतकी येऊ लागली होती. अक्का चाळा म्हणून बटण दाबत राहिल्या. एक, दोन, तीन... प्रत्येक आकड्यावर एक अनोळखी बाई किंवा बुवा उत्साहाने काहीतरी सांगत होता. आठच्या पुढे पुन्हा एक यायला हवा होता. नऊ आला.

थोडी खरखर झाली. मग एका बाईचा स्वच्छ, शिकलेला, अदबशीर आवाज.

"नमस्कार. ह्या सुंदर शहरात आपलं स्वागत आहे."

अक्कांची भाषा. नुसती भाषा नाही, अगदी घरात बोलतात तशी. अक्कांना हरखल्यासारखं झालं. बेबीला सांगावं म्हणून त्या वळल्यासुद्धा, आणि अबोला आठवून पुन्हा सरळ बसल्या.

आवाज माहिती देत राहिला. ही घड्याळाची इमारत. ही चार प्रार्थनामंदिरांची गल्ली, चार धर्मांची, एकाची भिंत दुसऱ्याला लागून. इथे एकाची घंटा दुसऱ्याच्या प्रार्थनेत मिसळते. मग मसाल्यांचा बाजार. बस तिथून रांगत जाऊ लागली तसा मिरचीचा खाट नाकात शिरला. खाली सात-आठ प्रकारचे चेहरे, सात-आठ प्रकारची वस्त्रं, ओरडा, घाम.

"डावीकडे पाहा," आवाज म्हणाला. "निळ्या छत्रीखाली बसलेला टोपल्यांचा व्यापारी आता वर बघेल."

व्यापाऱ्याने वर पाहिलं. सरळ अक्कांकडे.

योगायोग, अक्कांनी मनाला समजावलं. पण एकतीस वर्षांचा कान गप्प बसेना. रेकॉर्ड केलेल्या आवाजामागे काही नसतं. तो भिंतीवर लावलेल्या चित्रासारखा सपाट असतो. ह्या आवाजामागे मात्र जागा होती. कोणीतरी लाइनवर होतं... आणि ऐकत होतं.

बस पुलावर आली. खाली काळसर हिरवं पाणी, चिखलाचा आणि डिझेलचा वास.

"हा जुना पूल," आवाज म्हणाला. "ह्याच्या मधोमध आलं की सगळे शहराचे फोटो काढतात. आपल्या शेजारी बसलेल्या बाई काढत नाहीयेत. त्या ऐकत आहेत. आपणही ऐका. आईने अकरा दिवस विचारलं होतं. बेबी निघाली का? बेबी पोचली का? आपण काय सांगितलंत?"

आईच्या खोलीत त्या वेळी दोनच माणसं होती. एक आई, जी बोलायला उरली नव्हती. दुसऱ्या अक्का, ज्या कधी बोलल्या नव्हत्या.

"आपण सांगितलंत, हो आई, बोलावलंय, निघालीये. फोन उशाशी होता. ऑपरेटरबाई, आपण साधा एक फोन लावला नाहीत."

अक्कांनी बटण दाबलं. आकडा हलला नाही. पुन्हा दाबलं. नऊ.

"कशाला दाबतेस?" आवाज म्हणाला.

तो पहिल्यांदाच एकेरीवर आला होता. स्वर बदलला नव्हता, तीच अदब, तोच गोडवा. म्हणूनच ते जास्त भयंकर वाटलं.

"पुढचा थांबा जुना धक्का. वीस मिनिटं. तिथल्या पायऱ्यांना कठडा नाही. खालच्या पायरीवर शेवाळ आहे, आणि भरतीला पाणी ओढतं. हिला कळलं तर ही तुला जन्मात माफ करणार नाही. मग कळू कशाला द्यायचं? फोटो काढायचा म्हण. तिला म्हण, आणखी एक पाऊल मागे..."

अक्कांनी इयरफोन उपटून काढले. त्यांनी चोरून बेबीकडे पाहिलं. बेबी खिळल्यासारखी बसली होती. कपाळावरून घाम ओघळून भुवईत शिरत होता, पण ती पुसत नव्हती. ओठ किंचित हलत होते, कोणी सांगितलेला पत्ता पाठ करताना हलतात तसे.

"बेबी..." त्या म्हणणार होत्या, पण बस थांबली.

आणि बेबी त्यांच्याकडे वळून हसली.

"अक्का, चल ना. खाली उतरू. फोटो काढू तुझा."

सहा वर्षांनी ती 'अक्का' म्हणाली होती. ऑपरेटरबाई पुढे सांगायच्या की त्या क्षणी त्यांना सगळं कळत होतं आणि तरीही पाय आपोआप उठले. ती हाक ऐकायला त्या आतून इतक्या वाळून गेल्या होत्या.

धक्का लांबच लांब दगडी. प्रवासी नेहमीसारखे सावलीच्या दुकानांकडे पांगले. बेबी त्यांना कोपराला धरून पायऱ्यांकडे घेऊन गेली. धरणं हळुवार होतं, पण बोटं रुतत होती. खाली पाणी पायरीवर येऊन चपकन आपटत होतं आणि जाताना दगड चाटल्यासारखं मागे सरत होतं.

"तिथे उभी राहा. पाठ पाण्याकडे कर. हां... उजेड छान आहे."

अक्का एक पायरी उतरल्या. दुसरी. बेबीने मोबाइल वर धरला. तिचे डोळे मात्र पडद्यावर नव्हते, अक्कांच्या पावलांवर होते. कानात इयरफोन तसेच होते. वायर पोटापर्यंत लोंबत होती आणि तिचं टोक मोकळंच, वाऱ्यावर हेलकावत होतं.

"आणखी थोडी मागे, अक्का."

"बेबी, कानातलं काढ."

"एकच पाऊल."

अक्कांची टाच मागे गेली. दगड बुळबुळीत लागला. आणि त्या एकदम बोलून गेल्या, सहा वर्षं घशात अडकलेलं सगळं एका दमात.

"आईने तुला बोलावलं होतं. अकरा दिवस ती तुझंच नाव घेत होती. मी कळवलं नाही. सगळं मी केलं आणि नाव तुझं घेत होती, म्हणून नाही कळवलं. अचानक गेली हे खोटं. मी खोटं बोलले, बेबी."

बेबीचा चेहरा हलला नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मघाशी पुलावर कळलं."

ती एक पायरी खाली आली. मोबाइल पिशवीत टाकून तिने दोन्ही तळहात पुढे केले. ते हात धरायला येत होते की ढकलायला, हे अक्का शेवटपर्यंत ठरवू शकल्या नाहीत. कारण तेवढ्यात वरून शिट्टी वाजली. धक्क्यावरचा पहारेकरी हातवारे करत ओरडत आला आणि त्याने अक्कांना दंडाला धरून वर खेचलं. बेबी तशीच उभी, हात पुढे केलेले. मग तिने ते हात असे पाहिले, जणू कोणाचे तरी चुकून तिच्याकडे आलेत.

पुढचा आकाशपाळणा, टेकडीवरची बाग, मनोरा, काहीच त्यांनी पाहिलं नाही. दोघी टॅक्सीने घरी आल्या. टॅक्सीत बेबी पुढे बसली, ड्रायव्हरजवळ, आणि सीटबेल्ट घट्ट आवळून घेतला.

"झालं का बोलणं?" भाचीने दारातच हौसेने विचारलं.

"झालं," बेबी म्हणाली.

अक्का कपडे बदलायला आपल्या खोलीत गेल्या. दिवेलागण व्हायची होती. पाठीमागे दार ओढल्याचा आवाज आला, आणि बाहेरून कडी.

"बेबी? कडी का लावलीस?"

दाराच्या फटीशी, अगदी हळू...

"तुझ्यासाठीच लावलीये. सकाळच्या गाडीने जा. तोवर मी हाक मारली तरी ओ देऊ नकोस. कितीही गोड मारली तरी."

"त्या कानातल्या बाईने तुला काय सांगितलंय?"

"तुझं सांगितलं. मग काय करायचं ते सांगितलं. मी अजून तिला नाही म्हटलेलं नाहीये, अक्का."

अक्का पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. तीन वेळा हाक आली. लहानपणी लपाछपीत यायची तशी, लाडिक, ओढलेली. अक्कांनी तोंडात पदर कोंबला.

सकाळी सहाला भाचीने कडी काढली. "मावशी, बाहेरून कोणी लावली ही?"

दारासमोर, हातभर अंतरावर, खुर्ची होती. खुर्चीत बेबी. कालचेच कपडे, डोळे सताड उघडे, लाल. कानात काही नव्हतं. आणि ती स्वतःच्या दोन्ही हातांवर बसली होती. तळहात मांड्यांखाली दाबून, सगळं वजन त्यांच्यावर टाकून. मनगटं काळीनिळी झाली होती.

अक्का गलबलल्या. पुढे होऊन त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला. "ऊठ ग. अशी रात्रभर बसलीस? हात सोडव आधी."

"नको," बेबी पुटपुटली. तिचं लक्ष अक्कांकडे नव्हतंच. मान तिरकी करून ती काहीतरी ऐकत होती. "तू नीघ. मी हात काढायच्या आत नीघ... ती आता आईच्या आवाजात सांगतेय."