हिशोबात नसलेले दिवस

कुटुंब न्यायालयाच्या नक्कल खिडकीत दोघांचे हात एकाच वेळी गेले, आणि कारकुनाने दोघांनाही एकाच वेळी सांगितलं, “उद्या या.”

“आधी तुम्ही,” तो म्हणाला.

“कशात? उद्या यायला?”

ती शाळेत चित्रकला शिकवणारी बाई. नवऱ्याला मिळालेल्या घटस्फोटावर अपील करायचं म्हणून तिला निकालाची नक्कल हवी होती. संसार नको होता. त्याला सुखाने दुसरं लग्न करू द्यायचं नव्हतं, एवढंच. तो लिफ्ट दुरुस्त करणारा, स्वतःच घटस्फोट मागून जिंकलेला. जिंकलेल्या माणसाचा चेहरा इतका पडलेला तिने कधी पाहिला नव्हता.

मग रोज तोच बाक... तोच थंड चहा... आणि तिच्या बोटांवरचा निळा रंग चोरून पाहणारे त्याचे डोळे.

“अपिलाला उशीर होतोय तुम्हाला,” एकदा तो म्हणाला.

“होऊ दे. नक्कल मिळेपर्यंतचे दिवस अपिलाच्या मुदतीत धरत नाहीत.”

“म्हणजे आपण इथे बसतो ते दिवस — हिशोबातच नाहीत?”

कायद्याचा हा नियम लिफ्टवाल्याने फक्त रोमँटिक अर्थाने ऐकला. तिनेही तो तसाच ऐकू दिला.

“लिफ्टमध्ये अडकलेल्यांना काय सांगता हो तुम्ही?”

“दार ओढू नका. मी येतोय.”

तिची नक्कल आली. तिने ती पर्समध्ये ठेवली आणि अपिलाची मुदत निमूटपणे जाऊ दिली. नवरा सुखी झाला तर झाला! आता फक्त लिफ्टवाल्याच्या बायकोची मुदत उरली होती. त्या बायकोने अपील केलं की त्याचं दुसरं लग्न लटकलं.

ती मुदतही संपली. निदान त्याच्या हिशोबाने.

“बसा इथेच,” तो इस्त्रीचा शर्ट सावरत म्हणाला. “वरच्या मजल्यावर, अपिलाच्या कचेरीत बायकोचं अपील आलं नाही ना, एवढं पाहून येतो. मग तुम्हाला एक... विचारायचंय.”

“लिफ्ट बंद आहे.”

“आज जिना उडत चढेन.”

तो गेला. थोड्या वेळाने बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई येऊन बसली आणि हिरवी छत्री मांडीवर घेऊन रडू लागली.

“काय झालं हो ताई?”

“मुदत गेली. कालच. नक्कलच उशिरा दिली मेल्यांनी...”

“अहो, मग रडताय काय? ते दिवस धरतच नाहीत! पळा वर!”

बाईने तिला मिठी मारली आणि पळाली. आज सगळ्यांचंच भलं व्हावं, असं तिला वाटत होतं. प्रेमात पडलं की माणूस असा वाया जातो.

बऱ्याच वेळाने तो एकेक पायरी उतरत आला. शर्टाची इस्त्री मोडली होती.

“बायको आली. माझ्या डोळ्यांदेखत अपील देऊन गेली. आता वर्षं जातील... कुणीतरी सांगितलं म्हणे तिला, नकलेचे दिवस धरत नाहीत.”

ती बोटांवरचा रंग खरवडत राहिली.

“हिरवी छत्री होती?”

त्याने मान वर केली. कारकुनाने खिडकी लावून घेतली.

“मी... तुम्हाला विचारणार होतो की—”

“नका विचारू,” ती म्हणाली. “हो.”

तो बाकावर बसला. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.

“दार ओढू नका,” तो म्हणाला. पुढचं वाक्य त्याला म्हणता आलं नाही.