अंगठ्यावरची रेघ

आमच्या प्रयोगशाळेचा पहिला नियम म्हणजे पोलादाला नुसत्या हाताने शिवायचं नाही. अलेक्झांड्रियाची हवा खारट. घासूनपुसून लख्ख केलेल्या दांडीला घामेजलं बोट लागलं, की दुसऱ्या दिवशी तिथे तांबूस ठसा उमटलाच म्हणून समजा. यंत्र दांडीवर भार टाकून तिला गरगर फिरवतं आणि ती नेमकी त्या ठशापासून तडकते. धातूसुद्धा थकतो. तो केव्हा थकतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय.

माझ्या दांड्या मात्र थकायच्या कितीतरी आधीच मोडत होत्या.

मुदतवाढ संपली होती. प्रबंध या महिन्यात गेला नाही, तर शिकवण्याची माझी जागा जाणार आणि मला विद्यार्थी-कचेरीत बसवणार. तिथे जन्मभर ओळखपत्रांवर शिक्के मारायचे! आईने तर गल्लीभर मला इंजिनिअरबाई करून ठेवलेलं. कुठल्या तोंडाने सांगू तिला?

मोडलेली दांडी मी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. एका अंगाला चार बोटांचे ठसे, दुसऱ्या अंगाला अंगठ्याचा. अंगठ्याच्या रेषांना छेदत एक तिरकी रेघ गेलेली, जखमेचा वण असावा तशी.

माझा संशय सरळ वगदीवर गेला. माझ्या शेजारच्या टेबलावरचा हा गडी. माझी जागा गेली तर ती त्यालाच मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाय वाटाण्याएवढीही शिस्त नाही, यंत्राला टेकून फूल, म्हणजे शिजवून कुस्करलेल्या शेंगदाण्या, भरलेला पाव खातो.

"वगदी, अंगठा दाखव."

"का गं? निकाहनाम्यावर उठवून घ्यायचाय?" तो हसला आणि अंगठा नाचवला. नितळ होता.

सब्रीकाका प्रयोगशाळेची किल्ली सांभाळतात. त्यांचा अंगठा राकट, पण रेघ नाही. माझे मार्गदर्शक डॉक्टर लुत्फी यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत दोन्ही अंगठे पुढे केले. "पोलिसात जायचंस पोरी, इथे कुठे आलीस!"

हसा, म्हटलं. उरलेल्या दांड्या मी कपाटात घातल्या आणि किल्ली गळ्यात अडकवली. पुढची दांडी मोडली, तिच्यावरही तेच ठसे होते. तीच तिरकी रेघ. कुठेतरी पाणी मुरत होतं खास.

शेवटी वगदी वैतागला. "यंत्र आलं तेव्हा मेंढा कापला होता ना? त्याच्या रक्तात हात बुडवून आपण सगळ्यांनी यंत्राच्या पाठीवर पंजे उठवलेत, नजर लागू नये म्हणून. ते अजून आहेत. ताडून बघ आणि माझ्यामागची पीडा टाळ एकदाची!"

आम्ही दोघं यंत्र आणि भिंतीच्या फटीत शिरलो. वगदीने बॅटरी धरली. वाळून तपकिरी झालेले पंजे दिसले. सब्रीकाकांचा रुंद पंजा. डॉक्टर लुत्फींची नुसती बोटांची टोकं, किळस येते त्यांना. वगदीचा पसरट. आणि सगळ्यात लहान, माझा.

माझ्या पंजाच्या अंगठ्यावर तिरकी रेघ होती.

वगदीने माझा हात उजेडात उलटसुलट केला. अंगठा स्वच्छ होता.

"राविया, तेव्हा तुला लागलं होतं का?"

"नाही. तूच ओरखडलंस हे!"

"अगं, मी कशाला..." या वेळी तो हसला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

शेवटची दांडी डॉक्टर लुत्फींनी बाहेरच्या कारखान्यातून करून आणली. तेलकागदात गुंडाळलेली, डबीला लाखेचं सील. आता कोण हात लावतो बघू, असं मी मनाशी म्हटलं. यंत्रात आधीच्या दांडीचं थोटूक अडकलं होतं. हातमोजे चढवून मी ते ओढलं.

धार मोज्यातून आत गेली.

मोजा काढला. अंगठ्यावर जखम होती. तिरकी.

वगदीने रुमाल बांधला.

"राविया, लावतेस ना?" डॉक्टर लुत्फी दारातून म्हणाले. "आज यंत्र सुरू झालं नाही, तर माझ्या हातात काही उरणार नाही."

रुमालावर नवा मोजा चढवला. सील फोडलं. तेलकागद उलगडला.

दांडीवर तांबूस ठसे होते. चार बोटं.

मी दांडी फिरवली.

दुसरं अंग आरशासारखं लख्ख होतं. तिथे अंगठा नव्हता. जखम व्हायच्या आधीच रेघ उमटली होती, आणि आता अंगठाच नाही.

"आण," वगदी म्हणाला. माझ्यासाठी त्याने यंत्राचा जबडा उघडून धरला होता.