ओठांना लावायचं हत्यार

मी कवळ्या करतो. लोक हसतात. हसू देत बापडे, हसायला दात लागतात आणि ते शेवटी माझ्याकडेच येतात. डॉक्टर तोंडाचा ठसा पाठवतात, त्यात मी प्लॅस्टर ओततो, जबडा तयार होतो आणि त्यावर कवळी घडवतो. काम संपलं तरी जबडे टाकवत नाहीत. काचेच्या कपाटात ते ओळीनं मांडून ठेवलेत. मधल्या फळीवर आईचाही आहे.

कामाची खोली पुढे, आईची मागे. दुपारी खिडकीतून तिरपं ऊन येतं, त्यात प्लॅस्टरची धूळ तरंगत राहते आणि आपण जागे आहोत की पेंगतोय ते कळेनासं होतं. मी जेवायला आत गेलो की आई म्हणायची, "बोक्या, पिठात लोळलास का रे?" रोज तोच विनोद. मी वैतागायचो. मला बोक्या म्हणणारी जगात ती एकटीच. मग तिला झटका आला. हातपाय सावरले, वाचा तेवढी गेली. खोटं कशाला बोलू, त्या एका वाक्यासाठी मी वाट्टेल ते दिलं असतं.

माझा मेव्हणा संग्रहालयात जुन्या वस्तूंची डागडुजी करतो. एकदा तो फडक्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आला.

"भावोजी, याची प्लॅस्टरची नक्कल हवीय. मूळ वस्तू प्रदर्शनात ठेवायला साहेब घाबरतात."

"चोरांना?"

"चोरांना नाही," तो म्हणाला, आणि चहा न पिताच कप खाली ठेवला.

सुतार लाकूड तासायला वापरतो त्या वाकसासारखी, पण छोटी वस्तू होती ती. काळीनिळी, पुढे वळलेल्या टोकाची. हातात घेतली तर वजनच लागेना. खाली ठेवली तेव्हा टेबल मात्र करकरलं.

"इजिप्तच्या थडग्यातली आहे," मेव्हणा म्हणाला. "पुजारी ती मेलेल्याच्या ओठांना लावायचे. त्याला पलीकडे बोलता यावं, खाता यावं म्हणून."

"आणि हा धातू कुठला?"

"इथला नाही."

"मग काय, परदेशातून मागवला होता?"

तो हसला नाही. "पृथ्वीवरचा नाही, भावोजी. आत केसाहून बारीक नळ्या आहेत. कुणीतरी घडवलंय हे. पुजाऱ्यांच्या हातात ते कुणीतरी आणून दिलं." दारात जाऊन तो परत वळला. "उगाच कुणाच्या ओठांना लावू नका हं."

शहाणाच आहे, मी म्हटलं मनात. मला काय कुणाच्या ओठांना हत्यारं लावायचा छंद आहे?

नक्कल झाली. दुसऱ्या दिवशी मी एका निवृत्त पोस्टमास्तरांचा जबडा तासत होतो, तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. पोस्टमास्तर सकाळीच गेले, कवळी नको. बिचारे. फोनवर बोलता बोलता मी सवयीनं सुरी उचलली आणि राहिलेली कड खरवडून टाकली. फोन ठेवल्यावर पाहिलं तर हातात सुरी नव्हती, ते हत्यार होतं.

जबडा तापला होता. प्लॅस्टर घट्ट होताना तापतंच, मग निवतं. पण हा जबडा तर आदल्या दिवशीच निवला होता. मी तो कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोरच्या काचेवर रुपयाएवढा धुरकट डाग होता. पुसला तर पुसला जाईना, आतून होता. मी बघत उभा राहिलो. डाग विरायचा, पुन्हा यायचा, पुन्हा विरायचा.

खरं तर मी घाबरायला हवं होतं. मला आई आठवली.

आधी तिच्या जबड्याला हत्यार लावून पाहिलं. काही नाही, थंडगार. ज्याचा तो जबडा, ते माणूस जिवंत होतं म्हणून की काय, देव जाणे. त्याचा अर्थ मी तेव्हाच लावायला हवा होता. पण आशा वेडी असते.

आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. "आई, लावू?" मी हत्यार दाखवून विचारलं. तिनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि डोळे सावकाश मिटले. तिचा होकार तसाच असायचा.

मी टोक तिच्या ओठांना टेकवलं.

उन्हातली धूळ जागच्या जागी थांबली. मग हळूच पुन्हा तरंगायला लागली.

"बोक्या, पिठात लोळलास का रे?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडलो. बायको ओले कपडे हातात घेऊन धावत आली. "अहो, आई बोलल्या?"

"मग काय जन्मभर मुकी राहू?" आई म्हणाली. "आणि ही खालची कवळी टोचते रे. केव्हाचं सांगायचं होतं."

मी माझा दातांचा आरसा आणला. तोंडात धरला की तो वाफेनं धुरकटतो, म्हणून मी आधी कोमट पाण्यात बुडवतो. त्या दिवशी आनंदाच्या भरात विसरलो.

आरसा लख्ख राहिला.

आई बोलतच होती. मी आरसा नाकाशी धरला.

लख्ख.

"काय बघतोयस?"

"काही नाही गं."

मी पुढच्या खोलीत आलो. कपाटाच्या मधल्या फळीसमोर दुसरा डाग पडला होता. यायचा, विरायचा, यायचा. आईच्या जबड्याला हात लावला. ऊबदार होता.

मेव्हणा हत्यार आणि नक्कल घेऊन गेला. आई बोलते, भरपूर बोलते. बायको सगळ्यांना फोन करून सांगते. कपाटाला मी कुलूप घातलंय. किल्ली मागितली की बायकोवर खेकसतो.

पण सततच्या ओलीनं प्लॅस्टर भुसभुशीत होतं. काल पोस्टमास्तरांचा जबडा ढासळला आणि त्यांच्यासमोरची काच कोरडी झाली. आज सकाळी मधल्या फळीवरही चिमूटभर पांढरी भुकटी पडलेली दिसली.

आज मी कामाला हातच लावला नाही. दुपारी स्वच्छ हातपाय धुऊन जेवायला आत गेलो.

"बोक्या," आई हसून म्हणाली, "पिठात लोळलास का रे?"

तिच्या ओठांच्या कोपऱ्याला पांढरं लागलं होतं. मी ते अंगठ्यानं हळूच पुसलं आणि म्हणालो, "हो गं आई."