पंचावन्नावर संपलेला रस्ता

मांडवीतलं रस्त्याचं प्रकरण सुटलं. गुन्हेगार सापडला, त्याने गुन्हा कबूल केला आणि सगळ्यांना कोकम सरबत पाजलं.

यातलं काहीही घडलेलं नाही. नबीला मुकादमच्या कपाटात या प्रकरणाची फाईल नाही, पोलिसांत नोंद नाही. तेव्हा जे घडलंच नाही, ते सुरुवातीपासून सांगितलेलं बरं.

नबीला खाजगी तपासनीस. रत्नागिरीत खुनाला मागणी कमी, त्यामुळे ती बहुतेक लग्नाआधीच्या चौकशा करते. मुलगा दुबईत नेमकं काय करतो, वगैरे. चाळिशीचा लवू पाडावे तिचा सहाय्यक. त्याला गोष्टी उशिरा समजतात, पण एकदा समजल्या की पक्क्या समजतात, असं त्याचं स्वतःबद्दलचं मत आहे.

गुरुवारी सकाळी रय्यान मजगावकर आला. वय तेवीस, डोळे चाळीस.

"माझा रस्ता चोरीला गेला," तो म्हणाला.

लवूने खिडकीतून खाली पाहिलं. रस्ता होता.

"कॉम्प्युटरवरचा," रय्यान म्हणाला. "बस चालवायचा गेम आहे. गेम कंपनीचा, विकतचा. पण त्यातले रस्ते आमच्यासारखे खेळणारेच बनवतात. मी रत्नागिरी ते दापोली बनवला. तीन वर्षं लागली. फुकट ठेवलाय, कोणीही घ्यावा."

"फुकट ठेवलेली वस्तू चोरीला कशी जाते?" लवूने विचारलं.

"कोणीतरी ती विकली की जाते," नबीला म्हणाली. "कोणी?"

"माझ्याच नावाने विकलीय. दुसऱ्या एका साइटवर, सोमवारपासून. त्यात बायकांना अर्धी किंमत. काल म्हटलं स्वतः घेऊन बघू, तर विक्री बंद. पंचावन्न विकले आणि संपले म्हणे."

"मग तुझं काय गेलं?"

"मला चारशे जणांनी फोटो दिले, आवाज दिले. कोणी आपला स्टॉप, कोणी मामाची टपरी. पैसे न घेता. आता त्यांना वाटतंय, मी त्यांच्या जिवावर दुकान टाकलं. रविवारी बारापर्यंत चोर दाखवला नाही, तर सगळे आपापलं परत मागणार. मग रस्ता उरत नाही. आणि या गावात मीही उरत नाही."

"तो रस्ता कोणीही उतरवून विकू शकतो ना?"

"नाही. विकलेल्यात परतीची फेरी आहे, दापोलीहून इकडे, असं त्या साइटवरच लिहिलंय. ती मी अजून बाहेर काढलेली नाही. तिघांकडेच होती. रितेश ती तपासत होता, मनस्वीने झाडं केली, आणि आप्पा शिवगणांनी स्टॉप पुकारलेत."

रितेशचं हातखंब्याला मोबाईल कव्हरांचं दुकान होतं. तो चिडलेला होता, पण भलत्याच कारणाने.

"मी वर्षभर सांगतोय त्याला, किंमत लाव. ऐकत नाय. आणि आता कोणी विकलं, तर असं? फाईल कधी संपते काय हो? एकदा केली की लाखाला द्या, तेवढीच राहते. मी असतो तर अजून विकत बसलो असतो."

"याचंच काम," लवू बाहेर आल्यावर म्हणाला.

"याला चोरीचा राग नाही, वाईट धंद्याचा आहे," नबीला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीने दापोलीला गेले. लवूने पूर्ण तिकीट काढलं, नबीलाला अर्धं लागलं. यावर तो खेडपर्यंत नाराज होता. शिवाय त्याला जागा मिळाली नाही. उभ्या उभ्या त्याने गाडीतल्या सगळ्या पाट्या वाचून काढल्या. धूम्रपान करू नये, आसने ४४, उभे ११, हात बाहेर काढू नये, चालकाशी बोलू नये. नोकरीच्या जाहिरातींपेक्षा त्यात जास्त माहिती होती.

मनस्वी कृषी विद्यापीठात शिकत होती. तिने गेममध्ये आंब्याची आठशे झाडं लावली होती आणि प्रत्येकाची तिला काळजी होती.

"मला पैसे नको होते," ती म्हणाली. "झाडांखाली माझं नाव हवं होतं. रय्यान म्हणाला टाकतो, आणि विसरला. म्हणून भांडण झालं आमचं. पण मी विकली असती तर माझं नाव तरी टाकलं असतं ना? तिथे फक्त त्याचंच आहे."

"पंचावन्नावर का थांबले असतील?"

"तेच कळत नाही. कलमासाठी काडी कापून दिली म्हणून मूळ झाड कमी होत नाही. फाईल तर त्याहून सोपी."

"बायकांना अर्धी किंमत," लवू परतताना म्हणाला. "बाईचंच काम."

"लवू, तू काल रितेशला फाशी देत होतास."

"काल मला आजची माहिती नव्हती."

शनिवारी आप्पा शिवगण. चौतीस वर्षं कंडक्टर, आता निवृत्त, घर मांडवीतच. त्यांनी पडवीत खुर्च्या मांडल्या आणि कोकम सरबत दिलं.

"माका काय कळतं त्यातलं, बाय? पोराने माईक धरला, मी हातखंबा म्हटलं. मग म्हणाला, ऐका कसं झालंय, म्हणून पेनड्राइव्ह दिली." मग आपणहून म्हणाले, "लोक काय लिहितात त्याला, वाचलंय तुम्ही? पाऊस काचेवर नीट पडत नाय म्हणे. एकाला वायपरचा आवाज पसंत नाय. फुकटात बसलेत आणि वर खिडकी मागतायत."

"माझ्या भाच्याला कुवेतला तो विकतचा रस्ता हवा होता," नबीला सहज म्हणाली.

"आता नाय व्हायचं. भरली."

नबीलाने सरबत संपवलं आणि उद्या अकराला सगळ्यांना इथेच बोलावते, असं सांगितलं. मनस्वीलाही पहाटेच्या गाडीने यायला कळवलं.

रविवारी अकराला पडवी भरली.

"चोर हुशार आहे असं आपण धरलं, तिथे चुकलो," नबीला म्हणाली. "त्याने पैशासाठी विकलं असतं तर तो थांबला नसता. रितेश आणि मनस्वी दोघांनाही माहीत आहे की फाईल संपत नाही. मग ती संपते असं मानणारा माणूस कोण? लवू, गाडीत तू काय वाचलंस?"

"हात बाहेर काढू नये."

"त्याच्या आधी."

लवूने बोटांवर मोजलं. चव्वेचाळीस बसलेले, अकरा उभे. त्याला समजलं, आणि पक्कं समजलं. तो हळूच आप्पांकडे वळला.

"बायकांना अर्धं कुठे असतं, हे तुला तिकिटावरच कळलं होतं," नबीला म्हणाली. "आणि काल मी विकतचा रस्ता मागितला, तर आप्पा 'माहीत नाही' म्हणाले नाहीत. गाडी भरली म्हणाले."

आप्पांनी लपवलं नाही. "स्टँडावरच्या झेरॉक्सवाल्याने फॉर्म भरून दिला. मालकाचं नाव विचारलं, मी खरं तेच सांगितलं. पैसे कपाटात आहेत, पोराचेच. पंचावन्नाच्या वर घेतले असते तर घाटात गाडी चढली नसती."

"आप्पा, ती खरी गाडी नाही," रितेश म्हणाला.

"मग तू रडत कशाला होतास तिच्या धंद्यावर?"

रय्यान पुढे झाला. "आप्पा, तो रस्ता चारशे जणांचा आहे."

"एसटी अख्ख्या महाराष्ट्राची आहे. तिकीट नसतं काय? तीन वर्षं तू राबलास आणि तुझी आई शेजाऱ्यांना सांगते, पोरगा खेळतोय. पैसे आले की काम म्हणतात, बाळा. नायतर खेळच."

रय्यानची आई खरंच तसं सांगायची.

"पण तिकीट घेतलेल्याला पाऊस नीट मागायचा हक्क असतो," मनस्वी हळू म्हणाली. "आज फुकटवाला भांडला तर रय्यान कानाडोळा करू शकतो. उद्या करू शकणार नाही. आणि माझ्या झाडांचा वाटा कोण ठरवणार?"

नियम आप्पांना माहीत होते. झाडं कोणत्याच नियमात नव्हती.

बाराला पाच मिनिटं होती.

"आप्पांचं नाव टाक, सुटशील," रितेश म्हणाला.

रय्यानने फोन काढला. प्रत्येक स्टॉपवर ज्याचा आवाज आहे, त्या माणसावर चारशे लोक तुटून पडले तर काय होईल, हे त्याला कळत होतं. त्याने लिहिलं, 'विक्री माझ्या घरातून झाली. पैसे परत मिळतील. रस्ता फुकटच राहील. ज्यांना आपलं परत हवं, त्यांनी मागावं.'

संध्याकाळपर्यंत सदतीस जणांनी मागितलं. त्यात सावर्डे ते चिपळूणचे जवळजवळ सगळे होते. आता गेममध्ये तेवढ्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना पांढरं आहे आणि खालीही पांढरंच. बस त्यातून जाते. बाकीचे राहिले. मनस्वीचं नाव झाडांखाली आलं.

सोमवारी आप्पांनी स्वतःच्या अक्षरात एक अर्ज लिहिला आणि पोच घेऊन आले.

'प्रति, मा. विभाग नियंत्रक. विषय : शून्य रुपये दराची तिकिटे मंजूर होणेबाबत. महोदय, सदर रत्नागिरी–दापोली फेरी महामंडळाची नसून गाडी, रस्ता व पाऊस खाजगी आहेत. प्रवासी फुकट जाणार, हे अर्जदाराने मान्य केले आहे. बिनतिकीट जाणे मान्य नाही. तरी शून्य रुपयांची तिकिटे, संख्या अमर्याद, छापून मिळावीत व प्रत्येकाच्या मागे रस्ता बांधणाऱ्या तीनशे त्रेसष्ट जणांची नावे असावीत. सावर्डे ते चिपळूण रस्ता उपलब्ध नसल्याने त्या टप्प्याचे शून्य रुपये भाड्यातून वजा करावेत, ही नम्र विनंती.'