अंधारातलं एकच फूल

"माही बायको कोणीतरी चोरून नेली," दारातले म्हातारबुवा म्हणाले.

किसनरावांनी बशी खाली ठेवली. सारी उमर एस.टी.त कंडक्टरकी केलेली, त्यामुळे पहिला प्रश्न तसाच सुटला. "कोणत्या गाडीत बसल्या होत्या?"

"गाडीत कायची बसते? वारून चार वर्सं झाली तिले. चोरी परवा झाली."

भागीरथाबाई ढोले हसल्या नाहीत. आर्वीच्या डेपोसमोर 'खाजगी तपास' अशी पाटी लावून किसनरावांना मदतीला घेतल्यापासून बहुतेक लोक हरवलेल्या बैलासाठीच आले होते. त्या मानानं ही तक्रार वजनदार होती. त्यांनी खुर्ची पुढे केली. एकोणऐंशीचा हिवाळा. खालून कापसाच्या गाड्या बाजाराकडे चालल्या होत्या, आणि सुटलेला कापूस खिडकीतून आत येऊन उन्हात तरंगत होता, खाली पडायचं विसरल्यासारखा.

म्हातारबुवांचं नाव पुंडलिकराव. देवांच्या तसबिरींना काच-चौकट करणारे. त्यांनी पिशवीतून एक नळी काढली. पुठ्ठ्याची, लुगड्याच्या काठात शिवलेली.

"हात्तिच्या! फुलांची दुर्बीण," किसनराव म्हणाले. "जत्रेत मिळते, फिरवून काचेची नक्षी पाहाले."

"ही मी केली. शाळेत मास्तरानं शिकवली होती. आमच्या आनंदाबाईच्या हातची बांगडी जवा जवा वाढली, तवा तवा तुकडा ठेवला. जात्यावर, विहिरीवर, माह्यावर रागावून हात आपटला तवाही. सारे इच्यात आहेत." ते थांबले. "होते."

"आता नाहीत?"

"पहिले अंधारात एकच फूल दिसे. मधोमध. त्यात ती दिसे मले. आता पाहा, जत्रा भरली! पोरगा म्हणते, बाबाचं डोकं फिरलं. सोमवारी नागपूरले नेते, डोक्याच्या दवाखान्यात. बाई, मी पागल आहो का, तेवढं सांगा."

भागीरथाबाईंनी नळी डोळ्याला लावली. फुलांना लागून फुलं, कुठं काठच नाही. नळी जराशी फिरवली की सगळं मोडायचं, आणि पुन्हा मांडून बसायचं. बराच वेळ त्या तिथंच राहिल्या. मग त्यांनी नळीचं तोंड हुंगलं.

"आंबूस. कणकेची खळ लावली आहे. अजून ओली आहे."

पुंडलिकराव खाली उतरले तसे किसनराव म्हणाले, "दुर्बिणीत दर वेळी वेगळंच दिसते. मग बदललं हे कळते कसं? मले तं पोराचंच बरोबर वाटते."

"तुम्हाला गाडीतले सारे प्रवासी सारखेच दिसत होते का?"

किसनराव उठले आणि दोघं तसबिरींच्या दुकानाकडे निघाले.

दुकानात मुलगा श्रावण हिऱ्यानं काच कापत होता. "नळी तीच आहे, बाई. शिवण माह्या मायच्या हातची. चोरानं नेलं काय मग? दिवसभर डोळा लावून बसते बाबा. गिऱ्हाईक हासते. काल तं देव उलटा बसवला चौकटीत!"

"दुकानात आरसे ठेवता?"

"नाई. साध्या काचाच. आरसा वर्ध्याहून मागवा लागते, अन् दिवाळीपासून आलाच नाई."

दुकानासमोरच्या कडुनिंबाखाली खेळणी विकणारा लहानू आपल्या दुर्बिणी मांडून बसला होता. ही नळी त्यानं मागे पुंडलिकरावांकडे मागितली होती, ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक.

"मागितली होती, पाहासाठी," तो म्हणाला. "पण मले आरसा परवडते का? मी साध्या काचेच्या पट्ट्या लावतो, मागून काळा कागद. काळ्यावर साधी काचही आरशावानी वागते. तीन पट्ट्यांचा तिकोन. एकीतलं दुसरीत, दुसरीतलं तिसरीत. चार तुकडे टाका, दुनिया भरते."

"आणि आरसे दोनच लावले तर?"

"दोन कोण लावते? पोरायले भरगच्च लागते."

घरात सून कांतानं चहा आणला. कुंकू डाव्या भुवईकडे घसरलेलं. तिच्यामागे भिंतीवर एक रिकामा खिळा, आणि खाली धूर न लागलेला पांढरा चौकोन.

"आरसा कुठं गेला गं?"

"फुटला जी. फुटका घरात ठेवू नाई, म्हणून टाकला." ती पटकन आत गेली.

भागीरथाबाईंनी चहा संपवला आणि सगळ्यांना दुकानात बोलावलं. लहानूलासुद्धा.

"चोरी झालीच नाही," त्या म्हणाल्या. "दीडशेहून जास्त वर्षं झाली, तिकडं स्कॉटलंडात प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्या एका पंडितानं ही वस्तू काढली. त्यानं दोनच आरसे तिरपे जोडले होते. मधल्या तुकड्यांच्या बिंबांचं गोल फिरून एक फूल होतं. तिसरी बाजू काळी, म्हणून भोवती अंधार. मास्तरांनी पुंडलिकरावांना तीच शिकवली. तिसराही आरसा लावला, की बिंबांना अंत नाही. एका फुलाची जत्रा झाली, म्हणजे काळी बाजू बदलली. पुंडलिकराव, तुमचं डोकं ठिकाणावर आहे."

श्रावणचा हिरा हातातच राहिला.

"खळ ओली, म्हणजे काम ताजं. दूरची फुलंही लख्ख दिसतात, म्हणजे नळीत खरे आरसे आहेत. दुकानात आरसा नाही, लहानू आरसा वापरत नाही. मग या घरातला कोणता आरसा नाहीसा झाला? आणि कुंकू अंदाजानं कोण लावतं?"

कांताच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झाडताना नळी पडली जी माह्या हातून. दोन आरसे तडकले. तिसरी पट्टी पाहिली, तं काळीठिक्कर. मले वाटलं, आरसा आंधळा झाला. आंधळा आरसा घरात ठेवत नाई. म्हणून माह्या आरशाच्या तीन पट्ट्या कापल्या. मामाजीले चांगलं दिसन म्हटलं. अन् मामाजी तं रडाले लागले. आज सांगीन, उद्या सांगीन..."

"अन् बांगड्याचे तुकडे?" पुंडलिकराव पुढे सरकले.

"एकही नाई टाकला. भुई चाळून उचलले."

भागीरथाबाईंनी नळीचं तोंड सोडवलं, तिसऱ्या आरशावर लहानूकडून घेतलेल्या काळ्या कागदाची पट्टी सरकवली, आणि नळी म्हातारबुवांच्या हाती दिली.

दारातून कापूस तरंगत आत आला.

"आली," ते म्हणाले. "हा सोनेरी ठिपक्याचा. विहिरीवरचा."

"बाबा," श्रावण खाली पाहत म्हणाला, "सोमवारी नाई जाऊ आपण."

पुंडलिकराव नळी हळूहळू फिरवत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी चिमटीनं काळी पट्टी काढून टाकली.

"काऊन जी?" किसनराव चमकले. "आत्ताच तं सापडल्या!"

"चार वर्सं अंधारात एकटीच बसली होती. राहू द्या तिले जत्रेत."

मग त्यांनी थप्पीतली एक साधी काच उचलली, पुसली, मागे लहानूचा मोठा काळा कागद लावला आणि सुनेसमोर धरली.

"घे पोरी. कुंकू सरळ कर."